आईवडिलांना बोलावून घेताना

२८ जानेवारी २०१९ रोजी टोरांटोत दुपारचे बारा वाजले, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झाले होते. त्या ठोक्याला कॅनडा सरकारने एक ऑनलाइन फॉर्म खुला केला. आईवडिलांना किंवा आजीआजोबांना कायमच्या वास्तव्यासाठी बोलावण्याची इच्छा नोंदवण्याचा तो फॉर्म. जागा सुमारे २७ हजार, आणि फॉर्म उघडू पाहणारे लाखाच्या वर. दहा मिनिटे व्हायच्या आत तो बंद झाला. ज्याचे इंटरनेट वेगवान आणि ज्याची बोटे की-बोर्डवर झरझर चालतात, तो आत गेला. जो त्या वेळी कारखान्यात पाळीवर होता किंवा अपंगत्वामुळे सावकाश टाइप करतो, तो बाहेर राहिला. लोक कोर्टात गेले, सरकारने काही जणांशी तडजोड केली आणि पुढच्या वर्षी ही पद्धत गुंडाळली.

त्याआधीचा इतिहासही फार सुखाचा नव्हता. नोव्हेंबर २०११ मध्ये कॅनडाने पालकांचे नवे अर्ज घेणेच दोन वर्षांसाठी थांबवले, कारण तुंबलेल्या अर्जांमधल्या माणसांची संख्या १ लाख ६५ हजारांवर गेली होती. २०१४ मध्ये अर्ज पुन्हा सुरू झाले ते वर्षाला पाच हजारांची मर्यादा घालून. आधी पोचेल त्याचा अर्ज आधी, असा नियम असल्यामुळे लोकांनी पैसे मोजून कुरिअरवाल्यांना मिसिसागाच्या कार्यालयाबाहेर रांगेत उभे केले. २०१७ मध्ये सोडत आली. २०१९ मध्ये तो दहा मिनिटांचा प्रकार झाला. २०२० मध्ये पुन्हा सोडत ठरली, १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर एवढ्या दिवसांत दोन लाखांच्या वर लोकांनी नावे नोंदवली, आणि २०२५ पर्यंत त्याच नावांतून निमंत्रणे निघत राहिली. म्हणजे २०२१ मध्ये कॅनडात स्थायिक झालेल्या ठाण्याच्या मुलीला या सगळ्या काळात आईसाठी नाव घालायचीसुद्धा सोय नव्हती. आपला नंबर लागत नाही हे दुःख एक, आणि नंबर लावायला खिडकीच उघडी नाही हे दुसरे.

पद्धती बदलल्या, जागा आणि मागणी यांचा मेळ मात्र कधीच बसला नाही. पालकांच्या व्हिसाला लागणारा वेळ समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी लागते. घरातल्यांना वाटते की कुठल्या तरी टेबलावर फाइल अडकली आहे, कुणी तरी हलवली की सुटेल. काही वेळा ते खरेही असते. पण बहुतेक ठिकाणी वाट पाहायला लावणे हा धोरणाचाच भाग आहे. सगळ्या पालकांना येऊ द्यायचे नाही, आणि तसे तोंडावर सांगायचेही नाही. मग प्रतीक्षा कुठे ठेवायची, एवढेच प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो.

या देशांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. साठी-सत्तरीत आलेला माणूस तिथे कर थोडी वर्षे भरतो आणि आरोग्यसेवा भरपूर वापरतो. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०१६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा पालक म्हणून आलेल्या एका व्यक्तीचा आयुष्यभराचा सरकारी भार ३ लाख ३५ हजार ते ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर इतका निघाला. आकडा मोठा आहे, आणि तो काढणाऱ्यांना दुष्ट ठरवून काही साधत नाही. पण त्या हिशेबात एक बाजू उतरत नाही. आजी घरात आहे म्हणून सून पूर्ण वेळ नोकरी करते, नातवाला पाळणाघरात ठेवावे लागत नाही, आणि आईच्या काळजीने हातातली नोकरी सोडून भारतात परत जायची वेळ मुलावर येत नाही. यातून त्या देशाला मिळणारा कर कुणाच्या खात्यात धरायचा? आजीच्या तर तो कुणी धरत नाही.

ऑस्ट्रेलियाचीच गोष्ट पुढे न्यायची तर तिथे उघड रांग आहे. पालकांसाठी वर्षाला साडेआठ हजार जागा आहेत. साध्या पालक व्हिसासाठी आज अर्ज केला तर तीस वर्षांच्या आसपास थांबावे लागेल, असे तिथले सरकार स्वतःच सांगते. पासष्टीच्या आईसाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. ज्यांना थांबायचे नाही त्यांच्यासाठी जास्त पैशांचा व्हिसा आहे. त्यात माणशी त्रेचाळीस हजार डॉलरच्या वर रक्कम भरावी लागते, आणि तरीही दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते. त्यावर आणखी एक अट आहे. निदान निम्मी मुले ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी असली पाहिजेत, किंवा दुसऱ्या कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त असली पाहिजेत. एक मुलगा मेलबर्नला आणि एक मुलगी कोल्हापुरात, तर चालते. मेलबर्नला एक आणि कोल्हापूर-सांगलीत दोन, तर नाही. मग त्या दोघांशी आईचे पटत नसले तरी नियम तो नियम. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनेच नेमलेल्या स्थलांतरविषयक समितीने स्पष्ट म्हटले की जो व्हिसा बहुधा कधीच मिळणार नाही त्याच्यासाठी अर्ज करू देणे क्रूर आहे आणि अनावश्यकही. इतका सरळ शब्द सरकारी अहवालात क्वचित वाचायला मिळतो. रांग मात्र अजून आहे तशीच आहे.

ब्रिटनने प्रतीक्षा पुराव्यात ठेवली. ९ जुलै २०१२ पासून नियम असा झाला की आईला किंवा वडिलांना रोजच्या जगण्यासाठी दुसऱ्याच्या हाताची गरज असली पाहिजे, आणि मुलाने पैसे पाठवूनही ती काळजी मायदेशी मिळू शकत नाही हे सिद्ध झाले पाहिजे. आता नाशिकमध्ये पगार देऊन दिवसरात्र बाई ठेवता येते हे कुणालाही दिसते. मुलाकडे पैसे असतील तर 'तिथेच माणूस ठेवा' हे उत्तर, आणि पैसे नसतील तर 'इथे आणून सांभाळणार कसे' हा प्रश्न. तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला. प्रकरण अपिलाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवले. दुसऱ्यांच्या आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या आईसाठी दार बंद, हे मनाला लागते.

अमेरिकेचा कायदा मात्र कागदावर सगळ्यांत उदार आहे, आणि मराठी घरांचा संबंध त्याच्याशीच जास्त येतो. म्हणून तिथे जरा थांबायला हवे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिबर्टी बेटावर लिंडन जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यानेच भारतीयांसाठी अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले. त्याआधी १९४६च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला शंभर जागा होत्या. १९६५च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाच्या आईवडिलांना त्याने नवराबायको आणि लहान मुलांच्या पंक्तीला बसवले. त्यांना कोटा नाही, देशवार मर्यादा नाही, रांग नाही. साठ वर्षे ही तरतूद टिकून आहे.

मग उशीर येतो कुठून? 'नागरिक' या अटीतून. ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला नवरा, बायको किंवा अविवाहित मुले बोलावता येतात; आईवडील नाहीत. त्यासाठी आधी स्वतः सिटिझन व्हावे लागते. आणि भारतात जन्मलेल्या इंजिनिअरला सिटिझन व्हायला किती वर्षे लागतात?

साधा हिशेब करून पाहावा. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला जास्तीत जास्त सात टक्के. भारतीय अर्जदार इतके आहेत की २०२५च्या मध्याला पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांच्या वर्गात जानेवारी २०१३च्या तारखांपर्यंत गाडी आली होती. समजा, पुण्याच्या एका मुलाचा अर्ज जानेवारी २०१३मध्ये दाखल झाला, तेव्हा तो तीस वर्षांचा आणि आई पंचावन्नची. २०२५ मध्ये ग्रीन कार्ड हातात आले, तो बेचाळीस, आई सदुसष्ट. नागरिकत्वासाठी आणखी पाच वर्षे, म्हणजे २०३०, आई बहात्तर. त्यानंतर आईला बोलावण्याचा अर्ज, म्हणजे पिटिशन, आणि मुंबईच्या वकिलातीतला इंटरव्ह्यू यात आणखी वर्ष-दीड वर्ष धरले, तर विमानात बसताना ती त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची असेल. यातला आईच्या नावावरचा उशीर फक्त शेवटचा वर्ष-दीड वर्षाचा. बाकीची सतरा वर्षे मुलाच्या फायलीत लिहिली गेली आणि आईच्या वयातून वजा झाली. कोणत्याही सरकारी आकडेवारीत पालकांच्या प्रतीक्षेचा काळ म्हणून ती मोजली जात नाहीत.

शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. आईला जवळ आणण्यासाठी मुलाला भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो. हा निर्णय किती जणांनी केवळ या एका कारणासाठी घेतला असेल, याची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही, पण मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत चार माणसांशी बोलले की त्यातले एक तरी हेच सांगते.

कायद्यातले हे उदार कलम सरकारच्या मर्जीपुढे किती टिकते, हे २०२० मध्ये दिसले. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बाहेरून येणारे स्थायी व्हिसे थांबवले. अमेरिकी कामगारांच्या नोकऱ्या वाचवणे हे कारण दिले. नागरिकांचे जोडीदार आणि लहान मुले त्यातून वगळली. आईवडिलांना वगळले नाही. निवृत्त झालेली सत्तरीची शिक्षिका कुणाची नोकरी हिरावणार होती, हे त्या आदेशात सांगितलेले नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन यांनी तो मागे घेतला. तोवर दहा महिने गेले होते, आणि त्या दहा महिन्यांत कोविडने किती घरांत आधी दार ठोठावले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता आईच्या स्वतःच्या फायलीकडे वळू. पिटिशनचा फॉर्म म्हणजे आय-१३०. आई आणि वडील यांच्यासाठी दोन वेगळे फॉर्म भरावे लागतात, कारण या वर्गात एकाच्या पिटिशनवर दुसऱ्याला जाता येत नाही. २०२४ पासून ऑनलाइन भरल्यास प्रत्येकी ६२५ डॉलर फी आहे. दोन फायली म्हणजे दोन नंबर आणि दोन वेगळे नशीब. वडिलांची मंजूर झाली, आईची पुराव्यासाठी परत आली, असे सर्रास घडते. मग पंचाहत्तरीचा माणूस पहिल्यांदाच एकटा राहायला जाणार की आपला व्हिसा वाया जाऊ देणार, हा प्रश्न घरात उभा राहतो. पिटिशन मंजूर झाले की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे मुलाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांहून कमी नाही याची हमी, आईचे सगळे दाखले आणि व्हिसाचा अर्ज भरायचा. कागद पूर्ण झाले असा शेरा मिळाला की वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या इंटरव्ह्यूची तारीख यायची वाट पाहायची.

आणि इथे, कागदांत, मराठी घरे स्वतःच्या हाताने महिनोन्‌महिने घालवतात. त्याची कारणे आपल्याच समाजरीतीत आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर बोलायला हवे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९चा. आज सत्तरीत असलेल्या माणसांचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. खेड्यात घरी बाळंतपण झाले, नोंद कोण करणार? मग आधार राहतो शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. त्या दाखल्यावरची तारीख पाहावी, तर पुष्कळदा ती १ जून असते. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण जूनमध्ये शाळा उघडायची, पोराला वडील हाताला धरून आणायचे, आणि वय बसावे म्हणून गुरुजी ती तारीख लिहायचे. मी ज्या व्याख्यानमालेत हे बोलतो आहे, ती ज्यांच्या स्मरणार्थ चालते त्या मुख्याध्यापकांनीही आपल्या नोकरीत अशा तारखा रजिस्टरात लिहिल्या असतील. त्यात लबाडी नव्हती. मूल शाळेत बसावे ही तळमळ होती. पण घरातल्या जन्मपत्रिकेत कार्तिक, शाळेच्या दाखल्यावर जून, पासपोर्टवर जून आणि कुठल्या तरी जुन्या विमा पॉलिसीत नोव्हेंबर, असे कागद एकत्र आले की परक्या अधिकाऱ्याला दोन माणसे दिसायला लागतात.

बायकांच्या नावांचे तर विचारूच नये. समजा, एखादी शकुंतला गणपत. लग्नात नवऱ्याने तांदळात नाव लिहिले, ती झाली सुनंदा दत्तात्रय. रेशनकार्डावर सुनंदाबाई. मुलाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात कुणी तरी 'नंदा' सांगितले आणि पालिकेच्या नोंदवहीत तेच उतरले. माहेरचे, सासरचे, हाक मारायचे आणि कागदावरचे अशी चार नावे एका बाईने आयुष्यभर निमूटपणे वागवली. ती सगळी एकाच बाईची आहेत, हे सत्तराव्या वर्षी तिला सिद्ध करायला लागते. ज्या मुलासाठी ती हे करते आहे त्याच्या जन्मदाखल्यावरही कधी कधी त्याचे नावच नसते. नुसते 'पुरुष' लिहून जागा कोरी सोडलेली असते, कारण बारसे व्हायच्या आधी नोंद झाली होती.

यावर उपाय आहेत, पण त्यांना वेळ लागतो. मुलाचे नाव पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मूळ नोंदीत घालून घ्यावे लागते. आईच्या जन्माची नोंद सापडत नसेल तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा, त्याला शाळेचा दाखला आणि तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. पंचाहत्तरीच्या बाईला लहानपणापासून ओळखणारी माणसे दर वर्षी कमी होत जातात, हे इथे लक्षात घ्यायला हवे. नावातला फरक राजपत्रात जाहीर करता येतो. वडिलांच्या पिटिशनला आईवडिलांच्या लग्नाचा दाखला लागतो. १९७० च्या सुमाराला गावात झालेल्या लग्नाची नोंद बहुधा नसते, मग निमंत्रणपत्रिका, लग्नातला फोटो आणि साक्षीदार घेऊन विवाह नोंदणी आता करायची. वडिलांनी ऐंशीच्या दशकात मस्कत किंवा कुवेतला नोकरी केली असेल तर तिथल्या पोलिसांचा दाखलाही मागितला जाऊ शकतो.

गंमत नव्हे, दुर्दैव हे की या सगळ्यासाठी घरात भरपूर वेळ असतो आणि तो वापरला जात नाही. मुलाला ग्रीन कार्ड मिळाल्यापासून सिटिझन होईपर्यंतची पाच वर्षे हा कागद दुरुस्त करण्याचा खरा काळ. बहुतेक घरे शपथविधी झाल्यावर, पिटिशन भरल्यावर, कधी कधी तर पुराव्याची मागणी करणारे पत्र आल्यावर गावाकडे फोन लावतात. ते पत्र आले की ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे लागते आणि तलाठी, ग्रामसेवक, शाळेचा लिपिक यांच्या सवडीचा त्या मुदतीशी काही संबंध नसतो.

वैद्यकीय तपासणीतही असाच एक अडथळा दबा धरून असतो. छातीच्या एक्स-रेमध्ये कधी काळी होऊन गेलेल्या क्षयाचा डाग दिसला, तर तीन दिवस थुंकीचे नमुने द्यावे लागतात आणि त्यांचा कल्चर रिपोर्ट यायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. ज्यांना तरुणपणी क्षय झाला होता, त्यांनी हे आधीच धरून चालावे. तिकिटे काढून ठेवू नयेत, आणि घाबरूनही जाऊ नये. डाग म्हणजे नकार नव्हे.

जिथे कागद पूर्ण आहेत आणि तरीही फाइल हलत नाही, तिथे मात्र गप्प बसण्याचे कारण नाही. अमेरिकी इमिग्रेशन खात्याने जाहीर केलेला नेहमीचा कालावधी उलटला की विचारणा करता येते. आई गंभीर आजारी असेल तर डॉक्टरांच्या कागदांसह फाइल लवकर घ्यावी अशी विनंती करता येते. मुलगा ज्या मतदारसंघात राहतो तिथल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात या कामासाठी माणसे नेमलेली असतात, आणि मतदार म्हणून त्यांना पत्र लिहिणे हा हक्क आहे, वशिला नव्हे. आपल्याकडच्या सवयीमुळे लोक इथे उगाच संकोचतात. शेवटचा मार्ग फेडरल कोर्टाचा. अवाजवी विलंब झाला असे पटवले तर न्यायालय खात्याला निर्णय द्यायला लावू शकते. निर्णय द्या एवढेच. मंजूर करा असे नाही. वकिलाकडून हा फरक नीट समजून न घेता पैसे भरणारे पुढे निराश होतात. आणि पैसे घेऊन आय-१३० पुढे सरकवून देतो असे सांगणारा कोणीही भेटला तर उठून घरी यावे, कारण या फॉर्मला जादा फी भरून लवकर निकाल मिळण्याची सोयच नाही.

वाट पाहण्याच्या काळात आणखी एक पेच पडतो. पिटिशन भरले, म्हणजे कायमचे जायचा इरादा जाहीर केला. त्यानंतर टूरिस्ट व्हिसा मागायला गेलेल्या आईला 'तुम्ही परत येणार कशावरून?' असे विचारून नकार मिळू शकतो. नातवाच्या मुंजीला जायचे आहे हे उत्तर तिथे पुरत नाही. २०२२च्या अखेरीला तर मुंबईत टूरिस्ट व्हिसाच्या इंटरव्ह्यूसाठीच हजार दिवसांच्या आसपास थांबावे लागत होते. ज्यांच्याकडे आधीपासून दहा वर्षांचा व्हिसा होता ती घरे निभावली. आई आधीच तिकडे असेल तर तिथूनच अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे, पण तोच हेतू मनात धरून टूरिस्ट म्हणून जाणे ही सरकारशी केलेली फसवणूक ठरते, आणि अर्ज चालू असताना परवानगी न काढता भारतात आले तर अर्जच बाद होतो. बहीण अत्यवस्थ आहे म्हणून आई निघून आली आणि मुलाची सगळी खटपट संपली, असे होऊ शकते.

काही देशांनी आता मधला मार्ग काढला आहे. कॅनडाचा सुपर व्हिसा १ डिसेंबर २०११ला आला. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी सलग पाच वर्षे राहता येते. अट अशी की निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा हवा. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा आहे, न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांचा सुरू केला. सोडतीत नाव निघेल म्हणून वर्षानुवर्षे थांबलेल्या घरांनी याकडे दुय्यम पर्याय म्हणून पाहू नये. विम्याचा हप्ता जड असतो, आधीचे आजार असतील तर फारच जड. पण नातू तीन वर्षांचा असताना मिळालेली दोन वर्षे त्याच्या पंधराव्या वर्षी मिळालेल्या स्थायी वास्तव्यापेक्षा मोलाची आहेत.

ज्यांच्यासाठी हे सगळे चालते, त्या आईवडिलांना नेमके काय हवे, हे विचारायला मात्र घरे विसरतात. मुलगा निर्णय घेतो, सून कागद स्कॅन करते, आईबाबा 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणतात. ग्रीन कार्ड म्हणजे नुसती ये-जा करायचा पास नव्हे, तिथे खरोखर राहावे लागते. वर्षाहून जास्त बाहेर राहिले आणि आधी परवाना काढलेला नसेल तर कार्ड गेल्यात जमा असते. सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, पासष्टी उलटली तरी पाच वर्षे तिथे राहिल्याशिवाय विकत घेता येत नाही. वरच्या हिशेबातली ती चौऱ्याहत्तरीची आई एकोणऐंशीव्या वर्षी त्याला पात्र होईल. तोवर खासगी विमा, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही असे उपनगर, आणि दिवसभर कुलूपबंद घर. काहींना ते मानवते, त्यांची मंडळे, भजने, बागा तिथेही फुलतात. काही जण दोन हिवाळे काढून आय-४०७ नावाचा फॉर्म भरतात आणि कार्ड परत करून सदाशिव पेठेत किंवा साताऱ्यात परत येतात. त्यात हार नाही. पण दहा-पंधरा वर्षांच्या खटपटीनंतर हे कळण्यापेक्षा आधी टूरिस्ट व्हिसावर एक अख्खा हिवाळा काढून पाहणे बरे.

जे घडायला नको तेही बोलून ठेवले पाहिजे. वाट पाहता पाहता वडील गेले तर त्यांचे पिटिशन संपते. आईचे स्वतंत्र असल्यामुळे चालू राहते. मुलाचेच काही बरेवाईट झाले तर पिटिशन आपोआप रद्द होते, आणि ते आधी मंजूर झालेले असेल तरच माणुसकीच्या आधारावर ते पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते. अशा वेळी शोकात बुडालेल्या घरात कागद कुठे आहेत हे कुणाला तरी ठाऊक असावे.

परदेशातल्या सरकारांवर आपला जोर चालत नाही. तिथे मतदान करणारी आपली मुले तो लावू शकतात, आणि १९८१ पासून काम करणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी त्यात पुढाकार घ्यावा. आपल्या हातात आहे ते इथले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने उशिरा नोंद करण्याचे अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी जिल्हा आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आले. पुढे बोगस नोंदींच्या तक्रारी झाल्या, तेव्हा २०२५च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने असे दाखले देणे काही काळ थांबवले आणि नंतर पद्धत कडक केली. बोगसगिरी रोखलीच पाहिजे. पण आयुष्यभर एकाच गावात राहिलेल्या, शाळेच्या रजिस्टरात नाव असलेल्या सत्तरीच्या बाईला त्याच चाळणीतून पाचदा हेलपाटे घालायला लावणे बरोबर नाही. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या पालिकांनी ज्येष्ठांच्या जन्मनोंदी, नावातले फरक आणि जुन्या विवाहांची नोंदणी यांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळी खिडकी ठेवावी, आणि तिथे मोडी वाचता येणारा एक माणूस बसवावा, कारण अनेक जुन्या नोंदवह्या मोडीत आहेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचा एक आदेश पुरतो. व्याख्यानमालेच्या समितीने तसे निवेदन तयार करून या आठवड्यातच पालिकेकडे द्यावे, आणि ज्यांच्या घरात असा एखादा दाखला अडकलेला आहे त्यांनी त्यावर सही करावी.